लांबलचक जर्मन शब्द : सांधा नेमका कुठे?

जर्मन भाषेची थट्टा करायची म्हटली की 63 रोमन अक्षरांचा एक शब्द हमखास पुढे येतो. गोमांसावरच्या लेबलांच्या देखरेखीचं काम सोपवण्याच्या कायद्याचं ते नाव. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्याने हा कायदा 1999 मध्ये केला आणि 2013 मध्ये तो रद्द झाला.

असे शब्द जर्मन माणसं उठताबसता वापरतात, हा पहिला गैरसमज. ते राहतात सरकारी कागदात. वाहनाच्या थर्ड पार्टी विम्याला ‘क्राफ्टफारत्सॉइगहाफ्टप्फ्लिख्टफेरझिशेरुंग’ म्हणतात खरं, पण वाहनाचं लांब नाव बोलताना ‘काएफत्सेट’ या तीन अक्षरांवर येतं.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे : सिलॅबल तोडले की शब्दाचे घटक आपोआप सुटे होतात. याच विम्याचा शब्द घ्या. क्राफ्ट, फार, त्सॉइग, हाफ्ट, प्फ्लिख्ट : इथवर प्रत्येक घटक एकेका सिलॅबलचा, त्यामुळे सगळं सुरळीत. शेवटच्या ‘फेरझिशेरुंग’मध्ये मात्र घोटाळा होतो. घटक आहेत फेर, झिशर आणि उंग. उच्चार होतो फेर-झि-शे-रुंग. ‘झिशर’चा ‘र’ पुढच्या ‘उंग’ला जाऊन चिकटतो, कारण प्रत्यय स्वराने सुरू होतो.

मग दोन स्वतंत्र शब्दांच्या सांध्यावरही असंच होत असेल? नाही. आपल्याकडे जगत् आणि ईश मिळून जगदीश होतो. जर्मन समासात अशी संधी होत नाही. ‘श्टाउबेकन’ म्हणजे धरणाचा जलाशय. नेमक्या त्याच स्पेलिंगचा दुसरा अर्थ : धूळ साचलेले कोपरे. पण तेव्हा धूळ या अर्थाच्या ‘श्टाउब’मधला शेवटचा ‘ब’ नेहमीप्रमाणे ‘प’ होतो आणि जरा थांबून ‘एकन’ येतं. कागदावर फसगत होते, कानाला होत नाही. म्हणून ओळीच्या शेवटी शब्द तोडताना आधी हे सांधे पाहायचे, घटकाच्या आतले सिलॅबल नंतर.

सांध्यात येणारा ‘एस’ म्हणजे षष्ठीचा प्रत्यय, असंही सर्रास सांगतात. प्रेमपत्राला ‘लीबेसब्रीफ’ म्हणतात, पण ‘लीबे’ स्त्रीलिंगी. तिच्या षष्ठीत ‘एस’ येतच नाही. कोंबडीच्या अंड्याच्या शब्दात तर कोंबडीचं अनेकवचनी रूप दिसतं, आणि एक अंडं काही अनेक कोंबड्या मिळून घालत नाहीत! हे निव्वळ जोडवर्ण आहेत.

लिंगाची भीतीही फुकाची. बैल पुल्लिंगी असला तरी आपण ‘ती बैलगाडी’ म्हणतो. जर्मनमध्येही शेवटचा शब्दच लिंग ठरवतो.

आणि जहाजवाहतुकीच्या ‘शिफफार्ट’मध्ये सलग तीन ‘एफ’ दिसले तर ती छपाईची चूक समजू नका. 1996 च्या शुद्धलेखन सुधारणेआधी तिथे दोनच लिहीत. ओळ तुटून सांधा उघडा पडला, तरच तिसरा परत येई. आता तिन्ही कायमचे आहेत.