होशंगाबादची विज्ञानशाळा आणि तरफेचा पाठ

मध्य प्रदेशातील नर्मदाकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांतून १९७२ साली विज्ञानाध्यापनाचा जो उपक्रम सुरू झाला, त्याने सिद्धान्त आधी सांगून मागाहून त्याचा पडताळा दाखविण्याची शाळाखात्यातील जुनी वहिवाट पार उलटी केली. अनिल सद्गोपाल यांनी स्थापलेली ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सरकारची मंजुरी मिळवून हे काम अंगावर घेतले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ त्यांच्या साहाय्यास आले. १९७८ मध्ये जिल्ह्यातील सर्व मिडल (उच्च प्राथमिक) शाळांत उपक्रमाचा अंमल झाला, आणि १९८२ पासून ‘एकलव्य’ या संस्थेने त्याची धुरा वाहिली.

या पद्धतीचे मर्म पाहायचे तर साध्या यंत्रांचा पाठ घ्यावा. फळ्यावर टेकू, भार आणि बल यांच्या व्याख्या लिहून दिल्या की मुलगा तरफेचे तीन प्रकार घडाघडा म्हणतो, आणि संध्याकाळी शेतात पहारीने धोंडा उलथताना आपण तरफच वापरीत आहो हे त्याच्या गावीही नसते. त्याऐवजी चार-चार मुलांच्या टोळीला एक फूटपट्टी मध्यावर दोऱ्याने टांगून द्यावी आणि मूठभर सारखे वायसर द्यावेत. एका बाजूस टांगणीपासून १५ सेंटिमीटरवर दोन वायसर लटकविले, तर दुसऱ्या बाजूचे तीन कोठे लटकवावेत? मुले वायसरांचा दोरा मागे-पुढे सरकवितात, पट्टी कलते, सावरते, आणि १० सेंटिमीटरवर येताच आडवी स्थिर होते. सहा वायसरांना पाचावर जागा मिळते. शेजारच्या टोळीचा आकडा थोडा निराळा येतो. मग वाद, पुन्हा मोजणी, आणि त्यांची टांगणीच मध्यापासून ढळली होती असा शोध! एवढे झाल्यावर वहीतील आकड्यांचा गुणाकार करून पाहण्याची बुद्धी कोणाला तरी होतेच, आणि दोन्हीकडे तीसच येतात हे पाहून त्या मुलाला जो आनंद होतो, तो मोलाने विकत मिळणारा नव्हे.

कप्पीचा धडा याहूनही बोलका आहे. आढ्याला बांधलेली कप्पी श्रम मुळीच वाचवीत नाही, ओढण्याची दिशा तेवढी बदलते. भाराबरोबर वर चढणारी कप्पी मात्र जवळजवळ निम्मा जोर वाचविते आणि मोबदल्यात दुप्पट दोर ओढून घेते. ‘जवळजवळ’ हा शब्द मी मुद्दाम योजला. दोऱ्याच्या रिकाम्या रिळाची कप्पी करून रबराच्या ताणावरून जोर मोजला, तर तो निम्म्याहून थोडा अधिकच भरतो. घर्षणाने आणि रिळाच्या स्वतःच्या वजनाने घेतलेला हा वाटा वहीत प्रामाणिकपणे नोंदवायला लावणे, हेच माझ्या मते खरे विज्ञानशिक्षण होय.

होशंगाबादच्या मंडळींनी परीक्षाही याच बेताने घेतली. प्रश्नपत्रिका सोडविताना पुस्तक व वही उघडी ठेवण्याची मुभा होती आणि प्रयोगाची परीक्षा निराळी होती. शिक्षकांची प्रशिक्षणशिबिरे आणि दरमहाच्या बैठका होत, आणि मुले ‘सवालीराम’ या कल्पित गृहस्थाला पत्रे लिहून मनातल्या शंका विचारीत. पुण्याच्या टेल्को कारखान्यातील अभियंता अरविंद गुप्ता १९७८ मध्ये येथेच आले, आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी व आगकाड्या यांपासून त्यांनी भौमितिक आकृत्यांची एक सृष्टीच उभी केली. चौकोन दाबला की तिरपा होतो आणि त्रिकोण हटत नाही, हे घराच्या छपरातील कैचीचे रहस्य त्यातून मुलाच्या बोटांना कळते. पुढे २००३ पासून पुण्याच्या आयुका संस्थेतील बालविज्ञान केंद्रात त्यांनी हेच काम चालविले.

सुमारे १,००० शाळांपर्यंत पोहोचलेला हा उपक्रम २००२ साली राज्य सरकारच्या हुकमाने बंद करण्यात आला. तीस वर्षे शिक्षकांनी घडविलेली ही घडी अशी मोडणे अनुचित होते, असे माझे स्पष्ट मत आहे. तथापि फूटपट्टी, दोरा, वायसर आणि रिकामी रिळे यांना कोणाच्या मंजुरीची गरज नाही. आपल्या शाळांच्या मुख्याध्यापकांनी येत्या सत्रात प्रत्येक टोळीस एवढे साहित्य पुरविण्याची तजवीज करावी, आणि शिक्षकांनी तरफेचा नियम मुलांच्या तोंडून निघेपर्यंत फळ्यावर लिहू नये, एवढीच विनंती.