अडलेले गणित दाखवायचे कुणाला?
शिक्षणाच्या वाटा : लेखांक ७

मागच्या लेखात शिष्यवृत्त्यांचे अर्ज आणि त्यांच्या मुदती पाहिल्या. फीची सोय झाली, प्रवेश मिळाला, की घरच्यांना वाटते मुलाचे मार्गी लागले. खरी अडचण पुढे, पहिल्या दोन वर्षांतल्या गणितात उभी राहते.

प्रवेश मिळणे आणि शिकता येणे यांतले अंतर महाडजवळच्या आपल्या दासगावाने फार कठोर रूपात पाहिले आहे. इथे वाढलेल्या रामचंद्र बाबाजी मोरे यांना शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेत जातीमुळे प्रवेश नाकारला गेला. वृत्तपत्रात पत्र छापून आल्यावर दार उघडले, पण बसायचे वर्गाबाहेर. पुढे हेच मोरे १९२७च्या महाड परिषदेच्या प्रमुख संघटकांपैकी एक झाले. त्या अन्यायाशी आजच्या अडचणीची बरोबरी होणार नाही. तरीही, वर्गात बसून काहीच न कळणारा मुलगा एका अर्थाने बाहेरच राहतो.

दासगावची मुले महामार्गाने एका बाजूला महाडला जातात, दुसऱ्या बाजूला लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात गेलेल्यांना पहिल्या वर्षाचे गणित न शिकताच ‘एम-थ्री’, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, समोर येतो. त्यात उलटे लाप्लास रूपांतर काढताना छेदात ‘एस-वर्ग अधिक ४ एस अधिक १३’ असते. त्याचे ‘(एस + २) चा वर्ग, अधिक ९’ असे रूप केले की सूत्र लागू पडते. म्हणजे मुलगा लाप्लासला अडलेला नसतो, दहावीतल्या पूर्ण वर्गाला अडलेला असतो. साठ जणांच्या वर्गात हे सरांना दिसत नाही आणि विचारायची मुलाला लाज वाटते. मग केटी लागते, म्हणजे विषय राहतो, आणि पाठोपाठ क्लासची फी.

यावर ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी साधा उपाय केला. कोव्हेंट्रीत १९९१ मध्ये आणि लफबरोत १९९६ मध्ये गणित-मदत केंद्रे सुरू झाली. ठरल्या वेळी खोली उघडी असते, नाव नोंदवावे लागत नाही, पैसे पडत नाहीत. विद्यार्थी वही घेऊन बसतो आणि शिक्षक टेबलाटेबलाशी जाऊन विचारतात, ‘कुठपर्यंत आलास?’ उत्तर काढून देत नाहीत. माझ्या मते सगळे मोल या एका प्रश्नात आहे.

संख्याशास्त्राला तर अशी मदत आणखी आधी हवी. समजा, जुलै २००५ मध्ये दासगावात कोसळलेल्या दरडीनंतरच्या पुनर्वसनावर एखादी विद्यार्थिनी प्रकल्प करते आहे. दुपारी घरोघर फिरून तिने फॉर्म भरून घेतले, तर मुंबईला असलेले चाकरमानी सुटले, कामावर गेलेले सुटले, गाव सोडून गेलेले तर पूर्णच सुटले. मग सरासरी कितीही बिनचूक काढली तरी ती गावाची होत नाही. सर्वेक्षणाआधी कुणी अर्धा तास दिला असता, तर नमुना कसा निवडायचा हे ठरले असते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ साली कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेत हेच बजावले होते : प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे शवविच्छेदन करायला सांगणे.

फुकट साधने आज भरपूर आहेत. आयआयटींची एनपीटीईएल व्याख्याने विनामूल्य पाहता येतात. ‘स्वयम्’वर शिकायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच लागतात. ‘आर’ हे संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि मुंबई आयआयटीचे ‘स्पोकन ट्यूटोरियल’ अशी सॉफ्टवेअर शिकवते. ही साधने जरूर वापरा. पण तुमच्या वहीतली चुकलेली ओळ व्हिडिओला दिसत नाही. त्याला माणूस लागतो.

म्हणून विनंती दोघांना आहे. निवृत्त गणित शिक्षकांनो, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलामुलींनो, आठवड्यातली एक संध्याकाळ गावातल्या शाळेच्या एका वर्गात द्या. आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनो, उत्तर आले नसले तरी वही घेऊन जा. जिथे अडलात ती ओळ खोडू नका, तीच दाखवा.