घरच्या घरीं डफ

डफ हें वाद्य महाराष्ट्रास नवें नाहीं. पोवाडा गाणाऱ्या शाहिराच्या हातीं तो असतो. खंडोबाच्या वाघ्याची दिमडी व गांवच्या मिरवणुकींतील हलगी हीं त्याचींच भावंडें होत. तांबडा समुद्र उतरून गेल्यावर मिर्याम हिनें डफ हातीं घेतल्याचें वर्णन पवित्र शास्त्रांत, निर्गमाच्या १५ व्या अध्यायांत, आहे. थोडी सुतारकी व पुष्कळ धीर असल्यास हें वाद्य घरीं करितां येतें. त्याची कृति व त्यामागील कारणें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कडें. १२ इंच व्यासाच्या डफाचा परीघ सुमारें ३८ इंच भरतो. पट्टीचीं टोकें एकमेकांवर ४ इंच बसवावयाचीं असल्यामुळें पट्टी ४२ इंच लांब घ्यावी. रुंदी ३ इंच व जाडी पाव इंच पुरे. लाकूड सरळ रेषांचें व बिनगांठीचें असावें. दोन्ही टोकें तासून उतरतीं करावीं, म्हणजे जोड फुगत नाहीं. पट्टी सुमारें २० मिनिटें वाफेवर धरली म्हणजे नरम पडते. मग ती लागलीच गोल सांच्याभोंवतीं वांकवून आवळून बांधावी व पुरती वाळल्यावर जोड सरसानें चिकटवावा. चामडें टेकावयाचा कांठ आंतल्या बाजूस उतरता घासावा. तो सपाट राहिल्यास चामडें त्यावर फडफडतें; धारदार राहिल्यास कापतें.

चामडें बकऱ्याचें, केस काढलेलें परंतु न कमाविलेलें घ्यावें. दिमडीस पूर्वीं घोरपडीचें कातडें लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्या प्राण्यास अभय मिळालें असल्यामुळें तें सर्वथा वर्ज्य समजावें. चामडें रात्रभर थंड पाण्यांत भिजवावें. कढत पाण्यानें त्याचे तंतू आखडून त्याचा सरस होऊं लागतो.

कड्याच्या बाहेरील अंगास चिंचोक्याची खळ लावून चामडें वर पसरावें व बारीक खिळे ठोकावे. पहिल्या खिळ्याच्या बरोबर समोर दुसरा. मग त्या दोहोंच्या मध्यावर तिसरा व त्याच्यासमोर चौथा. ओळीनें ठोकीत गेल्यास एक बाजू ताणली जाते व दुसरी सैल राहते. ओलें चामडें सुरकुती जाईल इतकेंच ओढावें. वाळतांना तें आपोआप आखडतें, आणि आधींच फार ताणलेलें असल्यास कडें वांकडें करितें. दोन दिवस सावलींत वाळूं द्यावें.

ताण चौपट झाल्यास कंपनें दुप्पट होतात, म्हणजे सूर एक सप्तक चढतो. पावसाळ्यांत चामडें हवेंतील ओल शोषून सैल पडतें; म्हणूनच हलगीवाले वाजविण्यापूर्वीं हलगी जाळावर शेकतात. डफाचा पहिला उपस्वर मुख्य स्वराच्या सुमारें १.५९ पट असतो, पूर्ण पटींत नसतो. मृदंगाचे उपस्वर मात्र शाईच्या भारामुळें पूर्ण पटींत येतात, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० सालीं दाखविलें. यास्तव डफाचें काम सुराचें नव्हे, तालाचें.

आतां एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावी. कडें घडविणाऱ्या सुतारास गांवांत मान होता. ज्यानें चामडें सोललें, धुतलें व ताणलें, त्यास आपल्या समाजानें शतकानुशतकें वेशीबाहेर ठेविलें. त्याची हलगी लग्नास हवी, परंतु त्याची सावली नको, असा हा न्याय! १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली; मनांतील किळस मात्र केवळ कलमानें जात नाहीं. ओलें चामडें स्वतःच्या हातीं धरिलें, त्याचा वास सोसला, म्हणजे तें काम किती कौशल्याचें आहे हें कळूं लागतें. कडें एकटें वाजत नाहीं; नाद आहे तो चामड्याचा.

तरी येत्या सुटींत मुलामुलींनीं एक डफ अवश्य करून पाहावा. गांवांत हलगी मढविणारा कोणी कारागीर असल्यास त्याच्यापाशीं बसून शिकावें, व त्यास 'गुरुजी' म्हणण्यास संकोचूं नये.