‘किल्ला’तला पाऊस

फेब्रुवारी २०१४. बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या ज्युरीने अविनाश अरुणच्या ‘किल्ला’ला क्रिस्टल बेअर दिलं. दिग्दर्शकाचा पहिलाच चित्रपट, आणि पहिली मोठी दाद मिळाली ती आईच्या बदलीमुळे कोकणात आलेल्या त्यातल्या चिन्मयच्याच जवळपास वयाच्या परीक्षकांकडून. मला ही दाद आजही सर्वांत खरी वाटते.

आपल्याकडे तो २६ जून २०१५ला लागला, तोवर सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही जाहीर झाला होता. समीक्षकांनी मनापासून कौतुक केलं: अमृता सुभाषची आई, पार्थ भालेरावचा बंड्या आणि सगळ्यात जास्त दिग्दर्शकाने स्वतःच केलेलं छायाचित्रण. कुरकुर एकच, की गोष्ट फारशी नाही, संथ आहे. ‘फँड्री’च्या शेवटी भिरकावलेला दगड ताजा होता, ‘कोर्ट’ नुकताच येऊन गेला होता. त्यांच्या शेजारी हे कोकण नुसतं देखणं वाटलं असावं. पण देखणेपणाच्या कौतुकात त्यातलं भय मागे पडलं.

किल्ल्यातला प्रसंग आठवा. चिन्मय आत एकटाच भटकतोय. पाऊस कोसळू लागतो, भिंती काळ्या पडतात, तो हाका मारतो आणि सोबत आलेली पोरं त्याला टाकून निघून गेलेली असतात. बाप नुकताच गेलेल्या मुलाला कुणीतरी पुन्हा सोडून गेलंय. हे स्वप्नासारखं दिसतं, कारण त्या वयातलं दुःख असंच लक्षात राहतं, कारणं पुसलेली आणि ओल तेवढी शिल्लक.

मी सातवीत असताना आईची बदली इंदूरहून सांवेर तहसीलला झाली. अंतर जेमतेम तीस किलोमीटर, पण टेंपोत भांड्यांच्या पेटीवर बसून येताना मला वाटलं होतं, आपण देशच सोडला. नव्या वर्गात कितीतरी दिवस मी कुणाशी बोललो नाही. त्यामुळे ‘संथ’ हा शेरा मला कधी पटलाच नाही. ते दिवस संथच असतात.

२०२३मध्ये अविनाश अरुणचा ‘थ्री ऑफ अस’ प्रदर्शित झाला. स्मृती हरवत चाललेली बाई बालपणीच्या कोकणात परतते. तो पाहिल्यावर ‘किल्ला’ मला नव्याने उलगडला: ही नजर आठवणीची होती. यंदा पुन्हा पाहिला, तेव्हा मी बहुतेक वेळ आईकडेच बघत होतो. कचेरीत परकी, घरी गप्प बसलेला मुलगा, आणि तिचं ऐकायला कुणीच नाही.