प्रयोगशाळेतील माकडांमधील उत्स्फूर्त वृषणविकृती

कोणतेही औषध वा रसायन दिलेले नसताना प्रयोगशाळेतील माकडांच्या वृषणांत आढळणाऱ्या ऊतींमधील बदलांना उत्स्फूर्त वृषणविकृती असे म्हणतात. विषशास्त्रीय चाचण्यांत प्रामुख्याने आग्नेय आशियातील सायनोमोल्गस हे लांब शेपटीचे माकड वापरले जाते. त्याचे शास्त्रीय नाव मकाका फॅसिक्युलॅरिस असे आहे.

स्वरूप

सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजनक नलिकांचा शोष, अपुरी वाढ किंवा विस्फारण, जननपेशींचा ऱ्हास, बहुकेंद्रकी महापेशी आणि नलिकांमधील जागेत लिम्फोसाइट पेशींचा संचय असे बदल दिसतात. बहुतेकदा ते सौम्य असून मोजक्या नलिकांपुरते मर्यादित असतात.

अपरिपक्वता

या जातीचा नर साधारणपणे ४ ते ५ वर्षांच्या वयात लैंगिकदृष्ट्या प्रौढ होतो. चाचण्यांतील अनेक माकडे त्याहून लहान असतात. त्यांच्या वृषणांत शुक्राणुजनन पूर्ण झालेले नसते आणि ही स्थिती औषधजन्य हानीसारखी भासू शकते. त्यामुळे वृषणांवरील परिणाम तपासायचा असल्यास माकडांच्या वीर्यात शुक्राणू असल्याची खात्री आधी केली जाते.

महत्त्व

एका गटात बहुधा ३ ते ५ नरच असतात. केवळ योगायोगाने औषध दिलेल्या गटात अशी विकृती आढळल्यास निर्दोष औषध हानिकारक ठरू शकते. याउलट, खरी हानी नैसर्गिक मानली गेल्यास पुढे मानवी प्रजननक्षमतेला धोका संभवतो. म्हणून निष्कर्ष काढताना नियंत्रण गटाशी व पूर्वीच्या नियंत्रण गटांच्या नोंदींशी तुलना केली जाते, तसेच मात्रेनुसार विकृतीचे प्रमाण व तीव्रता वाढते का, हेही पाहिले जाते.