फॉस्फरसचा हिशेब

मूत्रपिंडे थकली की रक्तात फॉस्फरस साचतो. मग रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायुपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात, तिथे कॅल्शियम बसते आणि लवचीक धमनी कडक होते. हृदयावरचा ताण वाढतो.

चार तासांचे डायलिसिस साधारण 800 ते 1000 मिलिग्रॅम फॉस्फरस काढते. म्हणजे जेमतेम एका दिवसाच्या आहारातला.

मग फॉस्फरस प्रथिनांसोबत येतो म्हणून प्रथिनेच तोडायची? अनेक घरांत तसेच होते आणि रुग्ण खंगतो. उलट डायलिसिसवर दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने लागतात. अंड्याचा पांढरा भाग इथे सोयीचा: प्रथिने भरपूर, फॉस्फरस नगण्य. डाळींतला फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असल्याने कमी शोषला जातो (पोटॅशियमचे पथ्य वेगळे!). खरा चोर म्हणजे कोला आणि प्रोसेस्ड चीजमध्ये मिसळलेले फॉस्फेट. ते बहुतेक सगळे रक्तात उतरते. फॉस्फेट बांधणारी गोळीही जेवणासोबतच घ्यायची, तासाभराने नव्हे.