खेळाडूंच्या राखीव जागा आणि आपली मुले



आपल्या देणग्यांवर चालणाऱ्या वसतिगृहातील मुलांना मी दरवर्षी बारावीनंतरच्या वाटा समजावून सांगते. त्यांतली एक वाट पाड्यांवर फारशी कोणाला ठाऊक नसते. ती म्हणजे खेळाडूंच्या राखीव जागांवर विद्यापीठात मिळणारा प्रवेश.

दिल्ली विद्यापीठाचे उदाहरण घेऊ. तेथे महाविद्यालयाच्या मंजूर जागांच्या ५ टक्क्यांपर्यंत जागा खेळाडू आणि कलागुण असलेले विद्यार्थी यांना मिळून दिल्या जातात. या जागा अधिसंख्य असतात, म्हणजे ठरलेल्या जागांवर जादा. अनुसूचित जमातींच्या ७.५ टक्के जागा वेगळ्या. त्यामुळे आदिवासी विद्यार्थ्याला दोन्हीकडून प्रयत्न करता येतो. मात्र प्रत्येक महाविद्यालय प्रत्येक खेळाला जागा देत नाही. अर्जापूर्वी त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहावेच लागते.

निवड तीन गोष्टींवर होते. पहिली, सीयूईटी ही प्रवेश परीक्षा. २०२२पासून तेथील पदवी प्रवेशासाठी ती आहे आणि खेळाडूंनाही चुकत नाही. दुसरी, मैदानावरची चाचणी. ऑलिंपिक किंवा आशियाई स्पर्धांसारख्या ठिकाणी भारताकडून खेळलेल्यांनाच तिच्यातून सूट मिळते. तिसरी, मागील तीन वर्षांतील स्पर्धांची प्रमाणपत्रे.

आपली मुले अडतात ती या तिसऱ्या पायरीवर. पायांत बळ नाही असे कोण म्हणेल? नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. पण जत्रेतली शर्यत जिंकून मिळालेला हंडा अर्जाला जोडता येत नाही. तेथे मान्यताप्राप्त स्पर्धेचा कागद लागतो. आमच्या वसतिगृहातील एक मुलगी विभागीय स्पर्धेत धावली. तिचे प्रमाणपत्र शाळेच्या कपाटात राहिले. ते हाती आले तेव्हा अर्जाची मुदत टळली होती. आज ती द्राक्षबागेत मजुरीला जाते.

तीन वर्षांचा हिशेब मांडला तर लक्षात येईल की तयारी बारावीत सुरू करून उपयोग नाही. दहावीतल्या मुलाने शालेय क्रीडा स्पर्धेत तालुका, जिल्हा, विभाग अशी एकेक पायरी चढली पाहिजे, आणि प्रत्येक पायरीचा कागद त्याच्याजवळ असला पाहिजे. कागदावरचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणे आहे का, हेही तेव्हाच पाहावे. पुढे दुरुस्तीसाठी हेलपाटे घालायला मजुराच्या घरात ना पैसा असतो ना वेळ.

म्हणून यंदापासून आठवीपुढच्या प्रत्येक खेळाडू मुलामुलीची एक फाइल आम्ही वसतिगृहात ठेवतो. प्रमाणपत्राची मूळ प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि फोटो मोबाइलमध्ये. पावसाळ्यात शालेय स्पर्धा सुरू होतील. जिल्ह्याच्या मैदानापर्यंतचे एसटीचे भाडे आणि धावण्याचे बूट यांसाठी आपली मदत हवी आहे. मंडळीतील निवृत्त शिक्षकांनी व कारकुनांनी महिन्यातून एक शनिवार दिला, तर प्रवेश परीक्षेची तयारी आणि ऑनलाइन अर्ज दोन्ही मार्गी लागतील.

यंदा दहावीत आमच्या चार मुली धावतात. त्यांची तीन वर्षे आता सुरू झाली आहेत. प्रार्थनेत त्यांची आठवण ठेवावी.